धरत नाही, सोडत नाही

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलं आहे. नकाशात हे फारसं कळत नाही, माची पेठेत गाडी उभी केली की लगेच कळतं. राजवाड्याच्या बाजूने किल्ल्याकडे जाणारा बोळ चढत राहतो, आणि तिथे उभ्या असलेल्या जुन्या गाड्या बघत गेलं तर एक गोष्ट हमखास दिसते. चाकामागे दगड. कुठे डबर, कुठे फरशीचा तुकडा, कुठे बांधकामावरून उचललेली अर्धी वीट. काही दगड वर्षानुवर्षे त्याच चाकाखाली बसून एका बाजूने झिजलेत. मालक सकाळी गाडी काढताना दगड पायाने बाजूला सारतो, संध्याकाळी पुन्हा जागेवर आणतो. विचारलं तर म्हणतो, हँडब्रेक आहे की, पण धरत नाही.

सांगलीत हा दगड दिसत नाही. कृष्णाकाठचं ते सपाट गाव. गाडी बंद केली, गिअरमध्ये टाकली, उतरलं. मारुती चौकात किंवा गावभागात गाडी आपोआप घरंगळत गेली असं कुणी सांगितलं तर लोक हसतील. त्यामुळे हँडब्रेक तिथे महिनोन्‌महिने कुणी ओढतच नाही. मग कधीतरी महाबळेश्वरची सहल निघते, किंवा पावसाळ्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी सवयीने तो ओढून ठेवतो, आणि दोन दिवसांनी गाडी हलत नाही. दांडी खाली जाते, मागचं चाक मात्र जाम. सांगलीची तक्रार साताऱ्याच्या अगदी उलटी: सोडत नाही.

दोन्ही शहरांत जेमतेम सव्वाशे किलोमीटरचं अंतर. गाडीचा हा भाग एकच आहे आणि तो तसा बिनअकलेचा आहे, त्यात तेल नाही, हवा नाही, वीज नाही. तरी दोन्हीकडचे मालक गॅरेजमध्ये जाऊन मागणी एकच करतात. "हँडब्रेक जरा टाइट करून द्या." माझ्या मते जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकचं जेवढं नुकसान पावसाने, गंजाने आणि घाटाने केलं नसेल, तेवढं या एका वाक्याने केलं आहे.

का, ते समजायला गाडीच्या पोटाखाली जावं लागतं. मारुती ८०० घेऊ. १९८३च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत शेवटची तयार झाली, आणि सातारा-सांगलीच्या खेड्यांतून अजूनही ती दिसते. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकची दांडी. दांडीच्या बुडाशी दातेरी पट्टी आणि त्या दातांत अडकणारा पंजा, ओढताना टकटक वाजतो तो हाच. दांडीपासून वायर मागे जाते, तिचे दोन फाटे होतात आणि एकेक फाटा मागच्या एकेका चाकाच्या ड्रममध्ये शिरतो. आत अर्धगोल दोन शू, त्यांवर लायनर. वायर ओढली की शूला जोडलेला छोटा लिव्हर फिरतो, दोन्ही शू फाकतात आणि ड्रमला आतून दाबून धरतात. पायाचा ब्रेक हेच शू तेलाच्या दाबाने फाकवतो. म्हणजे शू सामाईक आहेत, त्यांना ढकलणारे हात दोन आहेत. तेलाची नळी फुटून पेडल पार खाली गेलं तरी वायरीचा हात शाबूत राहतो. म्हणूनच कायद्याला तो वेगळा हवा असतो.

आता लायनर झिजले की काय होतं? शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढतं, आणि दांडी चार-सहा टकटकींऐवजी दहा-बारा टकटकींवर जाते. मालकाला दांडी वर आलेली दिसते. मेस्त्री दांडीच्या बुडाशी असलेला नट आवळतो, वायर आखूड होते, दांडी पुन्हा खाली बसते. दोन मिनिटांचं काम, मालक खूश. प्रत्यक्षात चाकाच्या आत तो छोटा लिव्हर आता कायमचा अर्धवट ओढलेला राहतो. जिथे ड्रमच्या आत आपोआप अंतर साधणारी योजना असते, तिचंही गणित यामुळे बिघडतं, कारण शू आपल्या मूळ जागी परत येतच नाहीत. ती योजना थांबली की अंतर आणखी वाढतं, पेडलही खोल जाऊ लागतं, आणि पुढच्या खेपेला नट आणखी आवळला जातो. एक दिवस आटे संपतात. मग निदान होतं, "वायर लांबली." पोलादी तारांची वायर थोडीफार ताणली जाते हे खरं, पण इंच-दीड इंच लांबलेली म्हणून जी वायर टाकून दिली जाते, तिच्यातली बरीचशी लांबी चाकात हरवलेली असते.

म्हणून जाणता मेस्त्री काम उलट्या टोकाने सुरू करतो. आधी वायर पूर्ण ढिली. मग चाकातले शू योग्य अंतरावर. मग दोन-चार वेळा पेडल दाबून शू मध्यावर बसवायचे. आणि सगळ्यात शेवटी, उरलीच तर, दांडीची टकटक. हा क्रम बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात छापलेला असतो. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसी बुक आणि पीयूसीच्या कागदांखाली असतं, न उघडलेलं.

साताऱ्याच्या बाजूला थोडं जास्त थांबायला हवं, कारण उतार माणसाला हिशेब शिकवतो. मारुती ८०० रिकामी साधारण साडेसहाशे किलोची. चार माणसं आणि सामान धरून नऊशे म्हणू. दहा टक्के उतार, म्हणजे दहा मीटर जाताना एक मीटर उतरणारा रस्ता, अशा जागी ही गाडी सुमारे ९० किलोच्या जोराने खाली ओढ घेते. वीस टक्क्यांवर पावणेदोनशे किलो. युरोपातल्या नियमांत भरलेली मोटार वीस टक्क्यांच्या चढावर आणि उतारावरही हँडब्रेकने थांबून राहिली पाहिजे असं आहे, आणि त्यासाठी हाताला चाळीस किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. घाट त्या मानाने सौम्य असतात. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास, मधला पसरणी घाट धरून अंतर बारा-तेरा किलोमीटर. सरासरी काढली तर पाच टक्केच भरते. सरासरी अर्थात वळणावर उपयोगाला येत नाही, आणि गावातले जुने बोळ तर कुठल्याच सरासरीत बसत नाहीत. पण मुद्दा असा की धडधाकट हँडब्रेकच्या ताकदीपुढे पसरणी घाट काहीच नाही. घाटात गाडी मागे सरकली तर घाटाला दोष देऊ नये.

खंबाटकीत हे दर सुट्टीला दिसतं. पुण्याहून साताऱ्याकडे येताना घाट चढावा लागतो. परतीची वाहतूक बोगद्यातून जाते. शनिवारी सकाळी चढावर कोंडी होते, गाड्या फूटफूट सरकतात, आणि हँडब्रेकवर भरवसा नसलेला चालक अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. तासाभराने क्लच प्लेटचा जळका वास, बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली कुटुंबं, पाण्याच्या बाटल्या. त्या दिवशी बिल येतं ते क्लचचं. आजार हँडब्रेकचा होता हे त्या बिलावर कुठेच लिहिलेलं नसतं.

न धरणाऱ्या हँडब्रेकचं निदान कानापासून सुरू होतं. दांडी हळूहळू ओढायची आणि टकटक मोजायची. दांडी खूप वर येते आणि तरी धरत नाही, तर अंतर वाढलंय, लायनर संपलेत किंवा वायर सुटत आलीय. दांडी चार टकटकींत घट्ट होते आणि तरी गाडी सरकते, तर प्रकरण वेगळं. एक तर वायर मध्येच कुठेतरी कवचात अडकली आहे, हाताचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. नाहीतर पोहोचतो, पण लायनरवर तेल आहे किंवा ते काचेसारखे गुळगुळीत झालेत. दांडी अगदी लोण्यातून आल्यासारखी हलकी वर आली तर वायर तुटली. आणि दांडी वर जाते, धरते, पण हात काढल्यावर एखाद्या धक्क्याने खाली पडते, तर चाकाकडे जाण्याचं कारण नाही. दाते किंवा पंजा झिजलाय. या शेवटच्या प्रकारात लोक दांडीला दोरी बांधून ठेवतात. ते बघून हसू येतं आणि लगेच थांबतं.

पुढची पायरी सपाट जमिनीवर. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, कारण आता हँडब्रेक सोडावा लागणार आणि जॅकवर उचललेली गाडी पुढे सरकू शकते. मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये, मग तो मेस्त्री कितीही जुना असो. गिअर न्यूट्रल. दांडी एकेक दात वर घ्यायची आणि दरवेळी दोन्ही चाकं हाताने फिरवून बघायची. निरोगी गाडीत दोन्ही चाकं जवळपास एकाच दातावर जड होऊ लागतात. एक थांबलं आणि दुसरं गरगर फिरतंय, तर निम्मं निदान झालंच, बिघाड फिरणाऱ्या चाकाच्या बाजूला. रस्त्यावर हीच गाडी अर्ध्या हँडब्रेकवर उभी असते आणि मालकाला वाटतं "थोडा कमी धरतो."

ड्रम काढल्यावर ओल दिसली तर नाक वापरायचं. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी, तिच्या मागच्या आसात गिअर ऑइल नसतंच. त्यामुळे आतली ओल म्हणजे व्हील सिलेंडरमधून झिरपलेलं ब्रेक ऑइल, किंवा बेअरिंगमधून वितळून आलेलं ग्रीस. ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. तिथे आसाचं ऑइल सील गेलं की दाट, उग्र वासाचं गिअर ऑइल थेट लायनरवर उतरतं. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि गळती न थांबवता नवे लायनर बसवणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवायची पद्धत आजही आहे. दोन दिवस बरं वाटतं. गरम झाल्यावर आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं.

इथे एक गोष्ट तिरकस न बोलता सांगायला हवी. ड्रम उघडला की काळी भुकटी पडते आणि पोऱ्या लगेच कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवतो. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुप्फुसात बसते आणि तिचे रोग दशकांनंतर दिसतात. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-कोयना भागात जुन्या जीप वापरणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. महिंद्राने ज्या विलीज जीपपासून सुरुवात केली तिचा हँडब्रेक चाकांना धरतच नाही. तो गिअरबॉक्सच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टला धरतो. एकच ड्रम, आखूड वायर, चिखलापासून जरा उंच. डोंगरासाठी विचार चांगला. पण त्यात एक खोच आहे. शाफ्ट थांबला तरी मागची दोन चाकं डिफरन्शियलमुळे एकमेकांच्या उलट फिरू शकतात. पंक्चर काढायला एक मागचं चाक जॅकवर उचललं की ते हवेत मोकळं फिरतं, जमिनीवरचं दुसरं उलट फिरतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही जीप जॅकवरून निघते. त्यामुळे जीपवाल्याचा दगड ही अडाणी सवय मानू नये. तिथे तो लागतोच.

दगडाबद्दलची माझी तक्रार फक्त पेठेतल्या गाड्यांपुरती आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२६नुसार सार्वजनिक जागी गाडी उभी करून चालक उतरणार असेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असली पाहिजे. म्हणजे काटेकोर वाचलं तर दगडालाही कायद्यात जागा निघते. पण पंधरा वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओच्या दारात गाडी न्यायची, तेव्हा तपासणारा दगड मागत नाही. २०२२च्या एप्रिलपासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क पाच हजार झालं. एवढे पैसे भरायचे तर त्यात दोनशे-चारशेंच्या वायरीचं काय, असं एमएच-११च्या पाट्या मिरवणाऱ्या मालकांना आता पटू लागलं आहे.

सांगलीची गोष्ट पाण्याची आहे. वायर म्हणजे कवचातून सरकणारी पीळदार पोलादी तार. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि ती आधी सायकलींवर गाजली. कवच धड असेपर्यंत तार कोरडी. गाडीखाली दगड उडून, किंवा एक्झॉस्टच्या उष्णतेने कवच तडकलं की त्यातून पाणी शिरतं आणि सगळ्यात खोल वळणात साचतं. वापर असेल तर तार सरकत राहते, गंज धरायला उसंत मिळत नाही. सपाट गावात वापरच नसतो. तिकडे ड्रमच्या आतही तेच होतं. पावसात भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून दोन-चार दिवस उभी राहिली की ओले लायनर ड्रमच्या बिडाला गंजाने चिकटतात.

आणि मग महापूर. २००५, २०१९, २०२१. १९२९मध्ये खुला झालेल्या आयर्विन पुलाखालच्या फूटपट्टीवर सांगलीकरांची नजर पावसाळाभर असते; ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि शहरातल्या कितीतरी गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्या गाड्यांचं इंजिन, वायरिंग, सीट यांवर सगळ्यांनी खर्च केला. ब्रेक पेडल दाबल्यावर लागत होते, म्हणून ड्रम बऱ्याच जणांनी उघडलेच नाहीत. कृष्णेचा गाळ पिठाइतका बारीक. तो ड्रममध्ये, शूच्या टेकूंवर, वायरीच्या कवचात बसतो आणि वाळला की घट्ट होतो. लगेच काही बिघडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी दांडी खाली असते आणि शू परत येत नाहीत. चाक गरम, मायलेज कमी, लायनर एकाच बाजूचे खलास. पुरात बुडालेली जुनी गाडी कुणी विकायला काढली तर मी बॉनेट नंतर बघेन, मागचा ड्रम आधी उघडायला सांगेन.

चिकटलेला हँडब्रेक सोडवण्याचे रस्त्यावरचे उपाय सर्वांना माहीत असतात. फर्स्ट आणि रिव्हर्समध्ये आलटून पालटून हलका झटका द्यायचा, चाक काढून ड्रमच्या कडेवर हातोडीने गोल गोल ठोकायचं. बहुतेक वेळा खट् करून सुटतं. न सुटल्यास रेस वाढवत नेणं मूर्खपणा. लायनर शूपासून उखडतो आणि ड्रममध्ये आडवा पडतो. सुटल्यावर "सुटलं" म्हणून निघूनही जाऊ नये. गंज लायनरचा होता की वायरीचा, हे तेव्हाच बघता येतं. चाकाजवळचा लिव्हर हाताने ओढून सोडला आणि तो स्प्रिंगने टपकन मागे गेला तर आतलं ठीक, दोष वायरीत. रेंगाळला तर दोष आत. वायर दोषी असेल तर बदलायची. तिच्यात इंजिन ऑइल सोडून, वरखाली ओढून तात्पुरती मोकळी करता येते, पण फाटलेलं कवच त्याने सांधत नाही. पुढच्या पावसाला तीच पाळी.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, मुलगा परदेशात आहे किंवा मालक मुंबईला, तर सांगलीसारख्या ठिकाणी हँडब्रेक न लावणंच बरं. गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना ठोकळे. म्हणजे दगड, ज्याची साताऱ्यात मी तक्रार केली तोच.

घाट उतरून आल्यावर एक बारकावा. ड्रम गरम असताना पसरलेला असतो. तशात हँडब्रेक कचकचून ओढला तर थंड होताना ड्रम आकसतो आणि शू आणखी आवळले जातात, सकाळी सोडायला जड जातं. मागच्या चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांत उलट घडतं: तापलेली डिस्क निवताना बारीक होते, पकड सैल पडते, आणि जागेवर नीट उभी असलेली गाडी अर्ध्या तासाने निघते. अशी गाडी सज्जनगडाच्या वाहनतळावर लावली तर चढावर तोंड आहे की उताराला ते बघून पुढची चाकं कठड्याकडे वळवावी आणि गिअर टाकावा. एसटीच्या गाडीला ही चिंता नसते. तिचा पार्किंग ब्रेक दणकट स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. हवा गेली की ब्रेक लागलेलाच. मोटारीत मात्र वायर तुटली की ब्रेक गेला.

हँडब्रेकचं काम करणारी माणसं या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत, आणि त्यामागे शंभर वर्षांचं लोखंडकाम आहे. बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज साताऱ्यात, वाडी सांगलीत. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना, पुढे १९७५मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया'. स्कूटर म्हणजे वायरींचाच कारभार, क्लच, गिअर, ब्रेक सगळं वायरीवर. त्या स्कूटरी दुरुस्त करत मोठी झालेली मेस्त्र्यांची पिढी आता साठीत आहे, आणि ओढलेल्या वायरीचा अडखळ बोटांना कळतो तो त्यांनाच. पोरांना स्कॅनर कळतो. नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आलं आहे आणि तिथे स्कॅनरच लागतो. पण सांगली-मिरजेच्या गल्ल्यांतून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच अजून दांडीवाल्या आहेत. रिव्हेट मारून लायनर चढवून देणारे मात्र कमी झालेत. तयार शू मिळतात, ते घेताना जोडी दोन्ही चाकांची घ्यायची, एका बाजूची कधीच नाही. ड्रमला आतून चर पडले असतील तर लेथवर हलकासा काप द्यायचा, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आत राहून.

काम झाल्यावरची चाचणीही दोन गावांत वेगळी. साताऱ्याचा मेस्त्री गाडी जवळच्या चढावर नेतो, तोंड वर करून एकदा आणि खाली करून एकदा उभी करतो. दोन्ही दिशा तपासाव्याच लागतात, कारण ड्रममधले शू एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी धरतात असंही होतं. सांगलीच्या मेस्त्रीकडे चढच नाही. तो मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढतो, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडतो. इंजिन बंद पडलं तर पास. तेवढ्यावर भागत नाही, कारण नवे लायनर पहिल्या दिवशी ड्रमला पूर्ण टेकलेले नसतात, फक्त काही ठिकाणी टेकतात. दोन-तीनशे किलोमीटर चालून ते बसले की अंतर पुन्हा थोडं वाढतं, आणि तेव्हा शू परत साधून द्यावे लागतात. चांगला मेस्त्री हे बिलासोबत सांगतो आणि त्या खेपेचे पैसे घेत नाही. मालक परत येत नाही, कारण दांडी अजून छान खाली बसलेली असते.